बिलीमोऱ्याचा हत्ती आणि तळासरीची कोंबडी

भुसा दोन जातीचा असतो. एक जाडा, एक बारीक. जाडा पायाखाली येतो, पोत्यात भरता येतो, चुलीत जातो, घरची बाई खूश. बारीक भुसा कुणाच्याच कामाचा नाही, आणि तो दिसतही नाही. पत्र्याला भोक असलं आणि त्यातून ऊन आत आलं, की तेवढ्या पट्ट्यात तो नाचताना दिसतो. मी जन्मभर लाकडाच्या कारखान्यात काम केलं आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की ऊनच तसं असतं, दाणेदार.

एवढी माझी अक्कल. शाळेत मी गेलोच नाही असं नाही. गेलो होतो, छप्पर शाकारायला. म्हणून हे मी बोलतोय आणि सूनबाई लिहून घेतेय. दिवाळीच्या अंकाला कुणी विचारवंत मिळाला नसणार, म्हणून माझ्या दारात आले.

आमचा कारखाना डहाणूला, रेल्वेच्या पलीकडच्या अंगाला. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, तिच्यात ओळीने लेथ, मागे लाकडाची थप्पी. बनवायचो काय, तर बॉबिन. मुंबईच्या कापडगिरण्यांत सूत ज्याच्यावर गुंडाळतात ती लाकडाची नळी, मधून पोकळ. लाकूड हेदाचं. तळासरीकडच्या रानातून ट्रक भरून यायचं. आतून पिवळंधमक. लेथवर लाकूड गरगर फिरतं, त्याला पटाशी टेकवली की काकडीची साल निघावी तसा छिलका निघतो. तो जाडा भुसा. मग फिरत्या बॉबिनला काचकागद धरायचा, गुळगुळीत करायला. तिथे बारीक भुसा. हळदीसारखा. केसात, कानात, पापणीवर. माझ्या लग्नात बायका हळद घेऊन आल्या तेव्हा माझीच मावशी बोलली, "याला कशाला लावता? हा रोज लावूनच घरी येतो."

हा भुसा ओढून घ्यायला एक यंत्र असतं. शहाणे लोक त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, आम्ही हत्ती म्हणायचो. पत्र्याच्या गोल डब्यात मोठा पंखा. डब्यापासून पत्र्याच्या सोंडा निघतात, एकेक सोंड एकेका लेथपाशी. पंखा फिरला की सोंड भुसा ओढते आणि मागच्या बाजूला कापडाच्या मोठ्या पिशवीत नेऊन टाकते. पिशवी फुगली की हत्तीचं पोट भरलं. बस, एवढंच यंत्र.

मी कामाला लागलो तेव्हा सगळं ऑइल इंजिनवर होतं. इंजिन असं धडधडायचं की माणूस मेला तरी शेजारच्याला दुसऱ्या दिवशी कळावं. मग लाइट आली, इंजिन गेलं, मोटरी बसल्या. लेथ बिचारे गुणगुणत चालायचे. आवाज उरला तो हत्तीचा. तो म्हातारा झाला होता, खडखडायचा. आणि एक दिवस त्याच्या पंख्याचं एक पातं सुटलं, डब्याचा पत्रा फाडून बाहेर पडलं आणि शेजारच्या रेल्वे क्वार्टरच्या कुंपणात जाऊन रुतलं. तिथे स्टेशनवरचे पार्सलबाबू राहायचे. ते पातं हातात धरून आले, फार सभ्य माणूस, आणि बोलले, "हे आपलं आहे का?"

तर हत्ती बदलायची वेळ आली.

आता मगनकाकांची ओळख करून देतो, कारण ही सगळी गोष्ट त्यांची आहे. मगनमिस्त्री. मूळचे गुजराती सुतार, पण डहाणूत जन्म गेलेला, बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. बॉबिन मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा लेथ माझ्या शेजारी. मी दिवसभर बोलणार, ते दिवसभर गप्प. बॉबिन तयार झालं की ते उजेडाकडे धरून आतल्या भोकातून बघायचे, एक फुंकर मारायचे, बाजूला ठेवायचे. मी बनवलेलं बॉबिन घेऊन त्यातून बघायचे आणि मला विचारायचे, "अल्या गोप्या, हे सूत गुंडाळायला आहे की म्हैस बांधायला?"

शेठने काकांना बोलावलं. "मगन, नवीन हत्ती तूच बघून ये. गोप्याला बरोबर ने. तू बोलत नाहीस, तो थांबत नाही. दोघं मिळून एक माणूस होतो."

दोन ठिकाणं कळली होती. एक तळासरीला. तिथला भाताचा गिरणीवाला देवजी, त्याने नवीन गिरणी घेतली होती आणि जुन्या गिरणीचा कोंडा ओढायचा पंखा रिकामा पडला होता. दुसरं बिलीमोऱ्याला. तिथे कापसातली सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं होतं, त्याचा पंखा एका भंगारवाल्याकडे आला होता.

मी काकांना बोललो, "काका, हे तर मुलगी बघायला जाण्यासारखं झालं."  आणि मी माझ्या बाजूने तयारी केली. धुतलेला सदरा, नवी पांढरी टोपी.

तळासरीला लाकडाच्या रिकाम्या ट्रकातून गेलो. देवजीने बाजेवर बसवलं, त्याच्या बायकोने, रूपीबाईने, काळा चहा दिला. पंखा अंगणात पडवीखाली मांडलेला. दसऱ्याची झेंडूची माळ सुकून अजून त्याच्या गळ्यात. अंगाने बारीक, पाती रुंद, आणि मागे पिशवीच्या जागी जाड कापडाचे लांब लांब मोजे टांगलेले. देवजीने वायर जोडली, खटका दाबला आणि उभा राहिला. मीही उभा. बराच वेळ. शेवटी मी बोललो, "देवजीभाई, चालू तर करा."

"चालूच हाय," देवजी बोलला.

मी कान लावला. आत नुसतं हूंऽऽ, माजघरात कुणी झोपलंय असं. मला हसायला आलं. "ही मुलगी बोलतच नाही की हो! उद्या घरात भुसा पेटला तरी सांगायची नाही."

रूपीबाई तिकडून सूप पाखडता पाखडता बोलली, "बोलनारी पायजे व्हती तं बाजारात जायाचं. ही काम करती."

काका मात्र पंख्याजवळ बसले होते. त्यांनी मुठीत कोंडा घेतला, अगदी पिठासारखा बारीक, आणि सोंडेसमोर सोडला. कोंडा गेला. मोज्याच्या बाहेर काही आलं नाही. त्यांनी मोज्यावरून हात फिरवला, हात उलटा करून बघितला. स्वच्छ. मग ते तसेच बसून राहिले. मला वाटलं पसंत नाही. मुलगी पसंत नसली की मुलाकडचे असेच चहाच्या कपात बघत बसतात.

"कळवतो," असं सांगून आम्ही उठलो. काय कळवणार होतो देव जाणे.

मग बिलीमोरा. पॅसेंजरने गेलो. भंगारवाल्याचा पंखा म्हणजे काय सांगू! बैलगाडीच्या चाकाएवढा. त्याने मोटर लावली आणि जमीन थरथरली. वखारीतली कुत्री उठून गेली. भंगारवाला तोंडाने काहीतरी सांगत होता, नुसते ओठ हलताना दिसत होते. मी पुढे वाकून सोंडेत बघायला गेलो आणि माझी नवी टोपी डोक्यावरून उडाली, सरळ आत. मागच्या बाजूने बाहेर आली ती वाती होऊन. खरंच, देवापुढे लावाव्यात अशा बारीक वाती.

मी तर खूश! "काका," मी ओरडलो, "जो टोपी खातो तो भुसा काय सोडणार?"

मला पक्की खात्री होती की काका नाही म्हणणार. माझ्या पसंतीला त्यांनी कधी हो म्हटलंच नव्हतं, माझ्या चपलेलासुद्धा. पण ते त्या गडगडाटात उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं, तोंडाला रुमाल लावला, थोडा वेळ पाठ वळवली. वळले ते डोळे पुसत. पंखा बंद झाल्यावर बोलले, "आ चालशे. हाच घे."

परतीच्या गाडीत माझी छाती टोपी नसताना टोपीपर्यंत फुगली होती. मगनमिस्त्रीने माझं ऐकलं! घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती बोलली, "टोपी कुठाय?"

बिलीमोऱ्याचा हत्ती शेडमध्ये बसला. पहिल्याच दिवशी पार्सलबाबू परत आले. त्यांच्या मांडणीवरची भांडी आपोआप चालायला लागली होती, एक पेला तर चालत चालत खालीच पडला होता. पण जमीन बघाल तर लख्ख. एक छिलका दिसायचा नाही. शेठ येऊन बघून गेला, मान हलवली. मी येणाऱ्याजाणाऱ्याला जमीन दाखवायचो, जशी काय मीच चाटून साफ केली आहे.

हवेत बघायची अक्कल कुणाला होती? कापूस जाडा असतो, त्याचा पंखा जाडं ओढायला बनवलेला. त्याची पिशवी विरविरीत कापडाची. जाडा भुसा पिशवीत राहायचा आणि बारीक भुसा कापडातून गाळून, वस्त्रगाळ करून, हत्ती परत आमच्याच अंगावर सोडायचा. पूर्वी निदान तो खाली बसायचा. आता पंख्याच्या वाऱ्याने दिवसभर तरंगत राहायचा. शेडमध्ये कायम संध्याकाळचं ऊन पडल्यासारखं दिसायचं. मी बोलायचो, "बघा, कारखान्याला सोनेरी रंग चढला."

आणि एक गोष्ट अशी झाली की मी फार सुखात होतो. आवाज एवढा की बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून मी ओरडून विनोद सांगायला लागलो. आणि मगनकाका हसायला लागले! कधी न हसणारा माणूस. मी काहीतरी ओरडायचो आणि बघायचो तर काका लेथवर वाकलेले, तोंडाला रुमाल, खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतून पाणी. कधी कधी तर त्यांना लेथला धरून उभं राहावं लागायचं, इतके हसायचे. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी माझे विनोद काकांना कळायला लागले. मी घरी रात्री नवीन विनोद पाठ करून ठेवायचो. बायको बोलली, "एवढं शाळेत केलं असतं तर मामलेदार झाला असता."

काकांची बायको जमनाकाकी. दुपारी डबा घेऊन यायची, दाराशी ठेवून परत जायची. बाईमाणूस शेडमध्ये येत नसे, आणि त्या गडगडाटात येणार कोण? एके दिवशी मात्र ती गेली नाही. दारात उभी राहिली. मी एक विनोद ओरडून नुकताच संपवला होता. काकांची पाठ दाराकडे. खांदे हलत होते.

मी काकीला खुणेने दाखवलं, बघा, कसे हसतायत.

काकी माझ्याकडे जशी बघत होती तसं माझ्याकडे आयुष्यात कुणी बघितलेलं नाही. रागाने नाही. वेड्या माणसाकडे दया येऊन बघतात तसं. ती सरळ आत आली, भिंतीवरच्या खटक्यापाशी गेली आणि पदर हाताला गुंडाळून तिने खटका खाली ओढला.

हत्ती थांबायला वेळ लागला. आवाज खाली खाली येत गेला. आणि तो खाली येत गेला तसा खालून दुसरा आवाज वर आला. खोकला. कोरडा, खोल, दम न घेता. कुणी रिकामं पिंप लाथेने ढकलत नेतंय असा. सगळे लेथ एकेक करून थांबले. सगळी शेड ऐकत होती. काकांनी रुमाल तोंडात कोंबला, तरी थांबेना.

मी तिथेच उभा. तोंडावरचं हसू काढायचं कसं तेच मला कळेना.

"घरी रातभर बसून असतात," काकी बोलली. "आडवं पडता येत नाय. मी बोलते शेठला सांगा, तर बोलतात, मशीन आहे ना, कुणाला ऐकू येत नाय. दिवस निघून जातो."

आता हे नव्या लोकांना कळायचं नाही. त्या काळात खोकला म्हटला की लोक एकच अर्थ काढायचे. क्षय. मग पाण्याचं भांडं वेगळं, बसायची जागा वेगळी, आणि थोड्या दिवसांत घरी. शेजारच्या वखारीतल्या एकाला असंच घरी बसवलं होतं. लोक त्याच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावायचे. काकांना मरणाची भीती नव्हती, पण त्या वेगळ्या पेल्याची होती. बिलीमोऱ्याला त्या गडगडाटात त्यांनी पाठ वळवून खोकून बघितलं होतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि मला ऐकू गेलं नव्हतं. म्हणून पंखा पसंत. तळासरीचा चांगला आहे हे त्यांना कोंडा सोडला तेव्हाच कळलं होतं. पण तो गप्प होता.

कुणीतरी शेठला बोलावलं. शेठ आला तोवर काकांचा खोकला थांबला होता. ते फळीवर बसले होते, हात गुडघ्यांत, शाळेत पकडलेल्या पोरासारखे. काही बोलायच्या आत तेच बोलले, "शेठ, पटाश्या माझ्या आहेत. घेऊन जातो."

 काकांच्या शेजारी पाण्याचा पितळी लोटा होता, अर्धा प्यालेला, कडेला ओठाचा पिवळा भुसा. शेठने तो उचलला, तोंड लावून उरलेलं पाणी प्याला आणि खाली ठेवला. आमचा शेठ दुसऱ्याच्या घरचं पाणी न पिणारा माणूस.

"मगन," तो बोलला, "तू देवळात आरतीला सगळ्यांच्या मागे उभा राहतोस. टाळ वाजतात तेव्हा खोकतोस. तुला काय वाटतं, मी देवाकडेच बघत असतो?"

काका रुमालाची घडी करायला लागले.

"नवा हत्ती बघायला तुलाच का पाठवलं होतं मी? लाकडाला खोकला येतो का?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू! तू शेजारी उभा होतास ना?"

"मी बोलत होतो शेठ," मी बोललो. याच्याइतकं खरं उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः काकांना सरकारी डॉक्टरांकडे घेऊन गेला. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. उत्तर येईपर्यंत जमनाकाकी आणि माझी बायको रोज देवळात. उत्तर आलं. डॉक्टर काकांना बोलले, "तुमच्या छातीत क्षय नाही मिस्त्री. हेद आहे." धूळ थांबवा, नाहीतर लेथ थांबवा, दोनातलं एक.

काकांना लेथ थांबवणं म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगू! घरी बसले तर कुणाचं बॉबिन बघणार, कुणाला म्हशीवरून बोलणार?

मी आणि काका दुसऱ्याच दिवशी तळासरीला. ट्रक, दोर, फळ्या सगळं घेऊन. अंगणात गेलो तर पंखा जागेवर होता. बिनआवाजाचं यंत्र कोण नेणार? माझ्यासारखेच शहाणे येऊन कान लावून हसून गेले असतील. मी दोर काढला आणि सोंडेत हात घातला. आतून कुणीतरी मला असा चावा घेतला की मी बाजेवर जाऊन पडलो.

"कोंबडी बसली हाय," रूपीबाई शांतपणे बोलली. "अंड्यावर. उठवायाची नाय."

"बाई, कोंबडी टोपलीत बसेल की!"

"हलवली तं अंडी टाकून देल. मंग?"

देवजी बोलला, "माझं काय चालत नाय. पंखा माजा, कोंबडी तिची."

मी हात जोडले. सगळं सांगितलं, खोकला, डॉक्टर, लेथ. रूपीबाईने सूप खाली ठेवलं आणि काकांकडे बघितलं. तेवढ्यात काकांना खोकला आलाच. इथे ना हत्ती होता, ना टाळ. उघड्या अंगणात, सगळ्यांसमोर. ती उठली, आत गेली, गरम पाणी घेऊन आली, स्वतःच्या घरच्या पेल्यात, आणि त्यांच्या हातात दिलं.

"याच्यासाठी पायजे व्हय," ती बोलली. "तुज्यासाठी ठेवते, बाबा. दुसऱ्या कुनाला देनार नाय. पिल्लं फुटली का ने. पर त्यांचा जीव नको घ्यायला."

मी पुन्हा तोंड उघडलं. काकांनी माझ्या दंडाला धरलं. "बेस ने, अल्या. बसू दे तिला. मी पण बसतो."

तर डहाणूचा बॉबिनचा कारखाना तळासरीच्या एका कोंबडीसाठी थांबला. थांबला म्हणजे बिलीमोऱ्याचा हत्ती बंद केला, शेडचे मागचे पत्रे काढले, वारा येईल तसं थोडं थोडं काम केलं. काका शेडच्या बाहेर, चिकूच्या झाडाखाली. आम्ही बॉबिन त्यांच्यापाशी नेऊन टाकायचो, ते आतून बघायचे, निवडायचे. पण फुंकर मारायची त्यांना बंदी. बॉबिन ओठाशी नेलं की जमनाकाकी ओरडायची. ती आता रोज तिथेच बसायची, गवार मोडत.

तळासरीहून लाकडाचा ट्रक आला की सगळे धावायचे. लाकूड कुणी बघत नव्हतं. ड्रायव्हरला एकच प्रश्न, "कोंबडी काय बोलते?" शेठसुद्धा विचारायचा. एकदा ड्रायव्हर बोलला, रात्री मुंगूस आलं होतं, रूपीबाई काठी घेऊन पंख्यापाशी झोपते. त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही.

मग एक दिवस ड्रायव्हरने लांबूनच हॉर्न वाजवत गाडी आणली.

पंखा आणायला पुन्हा मी आणि काका. रूपीबाईने सोंड आतून पुसून ठेवली होती. अंगणभर पिल्लं. काका खाली बसले, एक पिल्लू हातावर घेतलं. इतका मोठा हात, लाकडासारखा, आणि त्यात ते चिवचिवतंय. "आणे आपणने मशीन आप्युं," काका बोलले. म्हणजे यानेच आपल्याला मशीन दिलं. रूपीबाईला गुजराती कळलं की नाही ठाऊक नाही, ती हसली.

बिलीमोऱ्याचा हत्ती गवताच्या वखारीवाल्याने नेला. जाताना पार्सलबाबू फाटकात उभे राहून बघत होते. मला वाटलं नमस्कार करतील.

तळासरीचा पंखा बसवला. सोंडा जोडल्या, मोजे टांगले. खटका दाबला. हूंऽऽ. लेथ चालू झाले. उन्हाची तिरीप पत्र्यातून आत आली होती, आणि मी बघत राहिलो. ऊन दाणेदार नव्हतं. नुसतं ऊन होतं. एवढं वय होऊन मी ते पहिल्यांदा बघितलं.

काका लेथपाशी आले. पटाशी हातात घेतली, अंगठ्याने धार बघितली. जमनाकाकी डबा घेऊन दारात. आम्ही सगळे काम करतोय असं दाखवत होतो, पण कान सगळ्यांचे एकीकडे. एक बॉबिन झालं. काचकागद लावला. सोंडेने सगळं गिळलं. दुसरं झालं. आणि मग काकांना खोकला आला. थोडा. साधा. आम्ही सगळे थांबलो, एकाने लोटा आणला, एकाने पाठीवर हात ठेवला.

"काम करा!" काका वैतागले. "खोकला आहे, भजन नाय!"

खोकला थांबला. खरंच थांबला. काकीने डबा ठेवला आणि परत निघाली. पूर्वी ती कुठे जाते, कुणाशी बोलते काही कळायचं नाही. आता पत्र्याच्या पलीकडचं पाऊलसुद्धा ऐकू येत होतं. ती क्वार्टरपाशी थांबली. पार्सलबाबूंची बायको अंगणात होती, तिने विचारलं असणार, मिस्त्री कसे आहेत म्हणून. आणि जी बाई इतके दिवस नवऱ्याच्या खोकल्याची गोष्ट पदराखाली घेऊन फिरत होती, ती भर रस्त्यात, पलीकडच्या रेल्वे फाटकवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली, "अगं, खोकला आहे त्यांना! भुशाचा! क्षय नाय, डॉक्टरने सांगितलं. आता मशीन आणलंय ना, मला इथून ऐकू येतं ते किती खोकतात!"

मी काकांकडे बघितलं. मान खाली, डोळे लेथवर, काहीच ऐकलं नाही असा चेहरा. लाकूड गरगर फिरत होतं. पटाशी मात्र अजून त्याला लागली नव्हती.